साष्टीच्या पोटातून : मुंबईच्या उपनगरांतली भटकंती

गुरुवार

"उपनगरं बघायची म्हणतोस आणि काळा घोड्याला कशाला आणलंस?" मामाचा पहिलाच प्रश्न. मामा मध्य रेल्वेतून निवृत्त झालेला मोटरमन. सोबतीला येतो म्हणाला, पण प्रत्येक गोष्टीचा जाब विचारणार, हे ठरलेलं.

त्याला वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीपाशी नेलं. जॉर्ज विटेटनं आराखडा केलेली ही इमारत १९१४ साली बांधून झाली. तेव्हा ती प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होती, आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. भिंतीत दोन रंगांचे दगड आहेत. करडा बेसॉल्ट कुर्ल्याच्या खाणीतला. पिवळसर, उन्हात मधाच्या रंगावर जाणारा दगड मालाडचा. तो काळ्या दगडापेक्षा कोरीव कामाला सोपा, म्हणून फोर्टातल्या बऱ्याच इमारतींच्या चौकटी आणि नक्षी त्याच्यात आहे. मामानं दगडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "म्हणजे मालाड इथे आहे तर."

मला नेमकं हेच म्हणायचं होतं. आपण उपनगरांकडे शहराचं शेपूट म्हणून बघतो. शहर भरलं, सांडलं, आणि जे सांडलं ते उपनगर. इतिहास तसं सांगत नाही. शहराचा दगड उत्तरेच्या साष्टी बेटातून, म्हणजे आजची उपनगरं ज्यावर आहेत तिथून आला, पाणी तिथून आलं, मीठ आणि पुढे दूधही तिथून आलं. आणि शहराला जे नाकासमोर नको होतं, ते मुकाट्यानं तिकडे पाठवलं गेलं. हा देण्याघेण्याचा व्यवहार जमिनीवर कुठे कुठे दिसतो, ते हिंडून पाहायचं होतं.

दुपारी शीवला उतरलो. टेकडीच्या पायथ्याशी बाग आणि पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे. वर किल्ला म्हणावा एवढं काही नाही, पडक्या भिंती, एक खोली, आणि सावली शोधत बसलेली कॉलेजची पोरं. पण जागा मोक्याची. जेरॉल्ड ऑन्जियर गव्हर्नर असताना १६६९ ते १६७७ च्या दरम्यान ही चौकी बांधली गेली, कारण तेव्हा इंग्रजांचं राज्य इथे संपत होतं.

गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ च्या तहात वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांना दिली. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालनं राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. इंग्रज ताबा घ्यायला आले तेव्हा त्यांनी साष्टीवरही हक्क सांगितला. पोर्तुगिजांनी साफ नाही म्हटलं. मुंबईचा ताबासुद्धा १६६५ साली, पुष्कळ रडारड होऊन मिळाला. म्हणजे खाडीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज, आणि मध्ये भरतीचं पाणी.

खाली उतरल्यावर दादरला जायला रिक्षा विचारली. रिक्षावाल्यानं नुसती मान हलवली. रिक्षांना बेट शहरात परवानगी नाही, त्या शीवला आणि वांद्र्याला थांबतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीची हद्द कुणी आजवर पाळली असेल तर ती रिक्षांनी.

धारावीतला काळा किल्ला वस्त्यांच्या मध्ये दडलाय. विचारत विचारत जावं लागतं. त्याच्या भिंतीतल्या शिलालेखावर गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि १७३७ हे साल आहे. सालाकडे लक्ष द्यायला हवं. त्याच वर्षी मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि साष्टीत पाय रोवले. दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. खाडीपलीकडे आता पोर्तुगीज नव्हते, मराठे होते, आणि अलीकडच्यांची झोप उडाली होती. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी त्यांची झाली. दोन्ही काठ एकाच्याच हातात आल्यावर मग शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध घातला गेला, तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गव्हर्नर डंकनच्या काळात.

कुर्ल्यात फार थांबलो नाही. गर्दी, उड्डाणपूल, पुन्हा गर्दी. १८०८ साली कुर्ला, मरोळ, सहार, असल्फे अशी अख्खी गावं होरमसजी बमनजी वाडियांना मिळाली, अपोलो बंदराजवळच्या एका जमिनीच्या बदल्यात. शहरातला एक तुकडा इतका मोलाचा, की त्याच्यासाठी उपनगरातली गावंच्या गावं मोजून दिली. जमिनीच्या भावाची मुंबईत तेव्हापासून हीच रीत आहे.

मामा मात्र कुर्ला स्टेशनच्या पुलावर खुलला. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून हार्बर मार्गानं इथवर आली. "पंधराशे व्होल्ट डीसी," तो म्हणाला. "मी चालवली ती त्याच करंटवर. आता पंचवीस हजार एसी झालंय. गाडी उचलते छान, पण हाताला तो झटका नाही लागत." पुढची पंधरा मिनिटं ब्रेकवर व्याख्यान झालं, ते इथे गाळतो.

शुक्रवार

माहीमचा कॉजवे बसनं ओलांडला. खिडकीतून पाहिलं तर पाणी काळं आणि वास भपकन येतो. शीवचा बांध झाल्यावरही पश्चिमेकडे वांद्र्याला जायला होडीच होती. सरकार पैसे घालायला तयार नव्हतं. शेवटी सर जमशेटजी जीजीभॉयांच्या पत्नी अवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि १८४० च्या दशकात हा रस्ता झाला. अट एकच, येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. आज शेजारीच समुद्रावरून सागरी सेतू जातो, २००९ साली खुला झालेला, टोल भरून. दोन्ही एकाच नजरेत दिसतात.

वांद्रे किल्ला १६४० चा, पोर्तुगिजांचा. टोकावर, गोड्या पाण्याच्या झऱ्यापाशी. जहाजं पाणी भरायला इथे यायची. मराठे येणार या धास्तीनं इंग्रजांनीच तो बराचसा पाडून टाकला, शत्रूच्या हाती लागायला नको म्हणून. उरलेल्या भिंतींवर आता जोडपी बसतात.

खरं वांद्रे रानवर, चिंबई, पाली, शेर्ली या पाखाड्यांत, म्हणजे जुन्या वस्त्यांत आहे. रानवरमध्ये एका गल्लीत शिरलो. एका बाजूला काचेचा कॅफे, समोर लाकडी जिना बाहेरून चढणारं कौलारू घर. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. व्हरांड्यात एक आजी बोंबील निवडत बसल्या होत्या आणि फोनवर कुणाला तरी मराठीत झापत होत्या, पण ते मराठी आपल्या कानाला ओळखीचंही वाटतं आणि नाहीही. हे ईस्ट इंडियन, इथले मूळचे ख्रिस्ती, कुणबी, कोळी, आगरी मुळांचे. पोर्तुगिजांच्या काळात धर्म बदलला, भाषा आणि शेती तीच राहिली. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथले, हे सरकारला कळावं म्हणून. त्यांचं सेंट अँड्र्यूज चर्च १५७५ चं. इंग्रज मुंबईत यायच्या आधी नव्वद वर्षं इथे घंटा वाजत होती. मग शेपूट कोण आणि धड कोण?

गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रॉस होता, ताजा झेंडूचा हार घातलेला. वांद्र्यातले असे कितीतरी क्रॉस १८९६ च्या प्लेगनंतरचे आहेत. शहरातल्या चाळींत माणसं मरू लागली तेव्हा ज्यांना जमलं ते साष्टीकडे पळाले. मोकळ्या हवेत घर असावं ही उपनगराची हौस त्या भीतीतून वाढली. लोहमार्ग आधीच होता. बॉम्बे बडोदा कंपनीची विरारहून शहरात जाणारी गाडी १८६७ पासून धावत होती.

वांद्र्याला दुसरीही एक ओळख होती. शहराचा कत्तलखाना एकोणिसाव्या शतकात इथे हलवला गेला, आणि वांद्रं शहराच्या फार जवळचं वाटू लागल्यावर १९७० च्या सुमारास तिथून देवनारला. नको असलेल्या गोष्टी शहर एकदाच बाहेर काढत नाही, हद्द सरकली की पुन्हा काढतं.

संध्याकाळी पार्ल्यात. गिरगाव–दादरच्या मराठी मध्यमवर्गानं इथे बिऱ्हाड केलं आणि लगेच संस्था काढल्या. टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पार्ल्यात होती. बिस्किटाचा कारखाना १९२९ साली सुरू झाला आणि २०१६ साली बंद झाला. गाडी पार्ल्याला शिरली की डब्यात भाजक्या बिस्किटांचा वास यायचा. मामा पश्चिम रेल्वेला परकी मानतो, पण हा वास त्यालाही आठवतो.

शनिवार

कान्हेरीसाठी सकाळी सातलाच बोरिवली गाठलं. राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत.

इथे साष्टीचा नकाशा एकदम समजतो. बेटाच्या मधोमध डोंगराची रांग उत्तर-दक्षिण पसरलेली. पश्चिमेला सखल पट्टी, मग मालाड आणि मनोरीच्या खाड्या, मग समुद्र. पूर्वेला अरुंद पट्टी, मग मिठागरं, मग ठाण्याची खाडी. उत्तरेला वसईची खाडी. डोंगर फोडून जाण्यापेक्षा रेल्वे दोन्ही अंगांनी गेली. १८५३ साली ठाण्याला जाणारी पूर्वेकडून, नंतर बडोद्याची पश्चिमेकडून. वस्ती रुळांना चिकटून वाढली. म्हणून मुलुंडचा माणूस ठाण्याला दहा मिनिटांत पोचतो, आणि नाकासमोरच्या बोरिवलीला जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा घालतो. २०१४ साली घाटकोपर–वर्सोवा मेट्रो सुरू झाली त्याआधी कित्येक दशकं पूर्व आणि पश्चिम उपनगरांना थेट आडवी जोडणारी रेल्वे नव्हती. पूर्व, पश्चिम असे दोन स्वभाव झाले ते या डोंगरामुळे.

लेणी शंभरावर आहेत. पहिली कोरली गेली दोन हजार वर्षांपूर्वी, शेवटची वस्ती दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा लेख आहे. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सात-सात मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत. एक्केचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, तो बहुतेक लोक न बघताच परत जातात, कारण तिथवर चढावं लागतं.

मला गुंतवून ठेवलं ते पाण्यानं. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात कोरलेली पोढी आहे, म्हणजे पाण्याचं टाकं. तिच्या वर, बोटभर खोलीच्या पन्हळी दगडात काढलेल्या. एक पन्हळ उतारानं खाली येते, कोपऱ्यावर हळूच वळते, दुसरी तिला मिळते, आणि दोघींचं पाणी टाक्याच्या तोंडाशी उतरतं. मी पाण्याच्या बाटलीतलं थोडं वर ओतलं. धार थबकली, मग वळणावरून नीट चालत गेली आणि खाली टप्पकन पडली. दोन हजार वर्षं झाली, उतार चुकलेला नाही. मामा गुडघ्यावर बसून पन्हळीचं वळण बघत होता. "याला ट्रॅक टाकणं म्हणतात," एवढंच म्हणाला.

दानलेख ब्राह्मीत आहेत. कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या व्यापाऱ्यांनी लेणी, टाकी, बाकं दान केली. सोपारा आणि कल्याण ही बंदरं, त्यांच्यामधलं हे डोंगरातलं विद्यापीठ. तेव्हा मुंबईची सात बेटं म्हणजे दलदल आणि कोळीवाडे. नव्वदाव्या लेण्यात तर पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ चे. लेणी पाहायला आलेल्या पारशांनी आपली नावं कोरून ठेवली. आजचा पर्यटक तेच करतो आणि शिव्या खातो.

वरच्या कातळावरून तलावाची चकाकी दिसते आणि पलीकडे टॉवरांची रांग. शहराचं आधुनिक पाणीही याच डोंगरातून गेलं. विहिरी आटू लागल्यावर हेन्री कॉनीबियरच्या आराखड्यानुसार विहार तलाव बांधला गेला. १८५६ साली काम सुरू झालं, १८६० साली नळाला पाणी. ते पुरेना तेव्हा तुळशी, १८७९ साली. ते पुरेना तेव्हा पवई, १८९१ साली, पण त्याचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही. पुढे तानसा, वैतरणा, भातसा असं शहर लांब लांब हात घालत गेलं. विहार आणि तुळशी मात्र आजही नळाला पाणी देतात.

विहार आणि पवई तलावांतून ओसंडणारं पाणी म्हणजेच मिठी नदी. डोंगरातून निघते, विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला काटकोनात वळवलंय, मग कुर्ला, मग वांद्रे-कुर्ला संकुलाखाली गेलेली खाजण जमीन, मग काल बसमधून पाहिलेलं ते काळं पाणी. भरती आणि पाऊस एकदम आले तर तिनं जावं कुठे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मामा त्या दिवशी ड्यूटीवर होता. तो त्याबद्दल बोलत नाही. मीही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर आरे. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढून १९४९ साली ही दूध वसाहत वसवली, दारा खुरोडींच्या पुढाकारानं. गोठ्यांची घाण बाहेर आणि दूध आत, साष्टीच्या खात्यात एकाच वेळी जमा आणि नावे.

रविवार

गिल्बर्ट हिल अंधेरीत आहे हे अंधेरीतल्या चारपैकी तीन माणसांना माहीत नव्हतं. गल्लीच्या शेवटी एकाएकी काळा उभा कडा समोर येतो, सुमारे साठ मीटर उंच, पेन्सिली जुडीनं बांधून उभ्या केल्यासारखा. लाव्हारस सावकाश थंड होताना आक्रसतो आणि त्याला उभे, बहुकोनी तडे जातात, तेच हे स्तंभ. वय सहा कोटी साठ लाख वर्षं, म्हणजे डायनासोर संपले त्या सुमाराचं. अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरशी त्याची तुलना होते. तिथे राष्ट्रीय स्मारक म्हणून माणसं जगभरातून येतात. इथेही कागदोपत्री संरक्षण आहे, आणि पायाशी झोपड्या, गॅरेज, इमारती अगदी दगडाला खेटून. आजूबाजूचा दगड खाणवाल्यांनी पोखरून नेला, ही एक सुळक्याएवढी टेकडी उरली. वर गावदेवीचं देऊळ आहे. माझ्या मते टेकडी वाचली ती देवीमुळे, सरकारी कागदामुळे नव्हे.

जोगेश्वरीची लेणी सहाव्या शतकातली, ओलसर, अंधारी. रविवारी भाविकांची रांग, फार बघता आलं नाही.

मंडपेश्वरला मात्र दुपारभर बसलो. सहाव्या शतकाच्या आसपासचं शैव लेणं, आत नटराज, हातपाय तुटलेला पण कंबरेची लय शाबूत. पोर्तुगिजांच्या पाद्र्यांनी सोळाव्या शतकात याचं प्रार्थनाघर केलं, वर मठ बांधला. एका भिंतीवरचं शिल्प छाटून तिथे मोठा क्रॉस कोरलाय. छाटलेल्या भागाच्या कडेला मूळ आकृत्यांच्या खुणा अजून दिसतात. टेकाडावर मठाचे अवशेष, शेजारी आजचं चर्च, आत पुन्हा पूजेत असलेली पिंड, आणि समोरच्या मैदानात क्रिकेट. कुणी कुणाला पुरतं पुसू शकलेलं नाही.

सोमवार

शेवटचा टप्पा पूर्वेला. गाडीत मामाला आकडे सांगत होतो. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला. महापालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत. १९९० साली शहर आणि उपनगर असे पुन्हा दोन जिल्हे. २०११ च्या जनगणनेत शहरात ३०.८५ लाख माणसं, उपनगरात ९३.५७ लाख. "तरी चर्चगेटला चाललो असं कुणी म्हणत नाही," मामा म्हणाला. "दहिसरचा माणूससुद्धा 'मुंबईला जाऊन येतो' म्हणतो."

कुर्ला–चेंबूरचा फाटा १९०६ साली टाकला तो माणसांसाठी नव्हे. शहराचा कचरा डबे भरून चेंबूरच्या दलदलीत ओतण्यासाठी. प्रवासी गाड्या आल्या १९२४ साली. देवनारचा कचऱ्याचा डोंगर १९२७ पासून वाढतोय. त्याच अंगाला फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्या आल्या, १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले, आणि ट्रॉम्बेच्या टेकडीआड ४ ऑगस्ट १९५६ ला 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. धोक्याचं, घाणीचं, जागा खाणारं, सगळं एका कोपऱ्यात. आणि कोळीवाडा अजून तिथेच, जाळी वाळत घालून.

ट्रॉम्बेच्या धक्क्यावर चहा घेताना मामाला सेंट्रल साल्सेट ट्रामवेबद्दल सांगितलं. त्याच्याच मध्य रेल्वेच्या पूर्वीच्या जीआयपी कंपनीनं चालवलेली लाइन, अंधेरीपासून ट्रॉम्बेपर्यंत, बेटाच्या आडवी. १९२८ साली सुरू झाली, १९३४ साली बंद. पुढे रूळ उखडले, वरून विमानतळ पसरला.

मामानं कप खाली ठेवला. "अंधेरी–ट्रॉम्बे? आडवी? आपल्या कंपनीची?" उभी हयात रेल्वेत गेली आणि हे त्याच्या कानावर आलं नव्हतं. खिशातली डायरी काढून साल लिहून घेतलं, मग मोबाइलवर नकाशा मोठा करून बोट फिरवू लागला. मेन लाइन तिनं नेमकी कुठे ओलांडली असेल, विद्याविहारच्या अलीकडे की कुर्ला यार्डाच्या डोक्यावरून, आणि चढण किती द्यावी लागली असेल, यावर मानखुर्दहून गाडी पकडल्यापासून त्याचा हिशेब सुरू होता. वडाळ्याला मी उतरलो तेव्हा तो समोरच्या अनोळखी प्रवाशाला पटवत होता.